बॅटरीचा दिवा विझला म्हणून गाडी रेटू नका!

हुमनाबाद, चिटगुप्पा, बसवकल्याण, भालकी, कमलापूर आणि आळंद भागातले सगळे गाडीमालक, ड्रायव्हर मंडळी आणि गॅरेजचे उस्ताद यांना कळकळीची विनंती आहे. मीटरवरचा बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा मधूनच लागत असेल आणि आपोआप विझत असेल, तर ती गाडी आज रात्री हायवेला काढू नका. सकाळी उजेडात तपासून घ्या, मग खुशाल हैदराबादला जा नाहीतर पुण्याला.

घाईने लिहायला कारण आहे. मार्गशीर्ष तोंडावर आला आहे. माणिकनगरला दत्तजयंतीचा उत्सव, तिकडे गाणगापूरला रीघ, आणि सोलापूर, लातूर, नांदेड, पुण्याहून माणिकप्रभूंच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या. उसाचा हंगामही याच दिवसांत; मागे एकही लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात सरपटत असतात. पुढे जानेवारीत वीरभद्रेश्वराची जत्रा. आपलं हुमनाबाद मुळात चौकावर वसलेलं. पुणे, सोलापूर, हैदराबाद असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, म्हणजे आपला जुना ९ नंबर, आणि बिदरहून कलबुर्गीकडे जाणारा ५० नंबर इथेच एकमेकांना छेदतात. रात्रभर जड ट्रक थांबत नाहीत. अशा रस्त्यावर मधोमध गाडी बंद पडणं आणि गल्लीत बंद पडणं यात फार फरक आहे.

रात्री वीज संपली की गाडी कशी बंद पडते, ते ज्याच्यावर बेतलं त्याला विचारा. आधी हेडलाइटचा उजेड पिवळट होतो. समोरून ट्रकचा झोत येत असला की ते लक्षातही येत नाही. मग एसीचा पंखा सुस्तावतो, टेप आपोआप बंद पडतो, मीटरवर एबीएसचा आणि स्टिअरिंगचा दिवा लागतो. विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं. शेवटी इंजिन दोन-तीन गचके देतं आणि बंद. ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, पुढे तोही दगडासारखा. गाडी जेवढी घरंगळेल तेवढ्यात कडेला घ्यायची. चारी इंडिकेटर लावावेत म्हटलं, तर तेही त्याच बॅटरीवर. थोडे लुकलुकतात आणि संपतात. उजव्या लेनमध्ये, दुभाजकाला लागून, मागे एकही दिवा नसलेली गाडी उभी आणि आत बायकामुलं. ताशी ८० किलोमीटरने येणारं वाहन एका सेकंदात २२ मीटर कापतं. ट्रकवाल्याला गाडी दिसते तेव्हा त्याच्या हातात फार काही उरलेलं नसतं.

हे सगळं होण्याआधी गाडीने सांगितलेलं असतं. दिवा दोन दिवस, कधी दोन आठवडे, लागत-विझत राहतो. आणि आपण काय म्हणतो? ‘विझला ना? मग झालं.’

या बेफिकिरीचं मूळ मला जुन्या अनुभवात दिसतं. ‘डिझेल गाडीला बॅटरी फक्त सेल्फपुरती, एकदा चालू झाली की चालत राहते,’ हे आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरच्या तोंडचं वाक्य. ते खोटं नव्हतं. मेकॅनिकल पंपाच्या जीपला, मॅटाडोरला, डिझेल अँबेसिडरला ते लागू होतं. धक्का मारून सुरू केली की दिवसाउजेडी गाडी बॅटरीवाचूनही पल्ला गाठायची. आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये मात्र प्रत्येक इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो, आणि तो विजेवर जगतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या कारमधून तो जुना पंप गेलाच. पेट्रोल गाडीत तर ठिणगीपासून टाकीतल्या पंपापर्यंत सगळं विजेवर. जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर अँमीटर असायचा. काटा अधिककडे आहे की उणेकडे, यावर एक डोळा ठेवून ड्रायव्हर चालवायचा. काटा गेला आणि त्याच्या जागी एक दिवा आला. तो हो किंवा नाही एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. तेव्हा मामा, अँबेसिडरचं वाक्य बीएस-६ ला लावू नका.

दुसरा घोळ चित्रामुळे होतो. चित्र बॅटरीचं, म्हणून माणूस सरळ बॅटरीच्या दुकानात जातो. चार-पाच हजार मोजतो, नवी बॅटरी बसवतो. नवी बॅटरी भरून आलेली असते, त्यामुळे दोन दिवस गाडी छान चालते. तिसऱ्या दिवशी परत दिवा. इंजिन चालू असताना लागणारा हा दिवा बहुतेक गाड्यांत बॅटरीबद्दल बोलतच नाही. डायनामोकडून, म्हणजे अल्टरनेटरकडून, हवी तेवढी वीज येत नाही, एवढंच तो सांगतो. वीज न येण्याची कारणं अनेक: बेल्ट, कार्बन, रेग्युलेटर, डायोड, सॉकेट, तार, अर्थिंग. त्यातली निम्मी कारणं शे-दोनशे रुपयांत आणि एका पान्यात सुटतात.

डायनामो बंद आणि सगळा भार बॅटरीवर, असं झालं तर गाडी किती वेळ चालेल? साध्या हॅलोजनचे दोन बल्ब ६०-६० वॅटचे धरले तर तेच १० अँपिअर खातात. इंधनाचा पंप, इंजेक्टर, ईसीएम मिळून आणखी दहाएक. वर रेडिएटरचा पंखा, एसीचा ब्लोअर, पाऊस असेल तर वायपर. रात्री ३० ते ४० अँपिअर सहज जातात. लहान कारची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची, आणि तीही नवी व पूर्ण भरलेली असेल तर. म्हणजे तासाभराचा खेळ. आपल्याकडचे तीन उन्हाळे काढलेली बॅटरी त्याच्या निम्म्या वेळात हात टेकते. इथून बिदर पन्नासेक किलोमीटर, कलबुर्गी साठेक. कलबुर्गीच्या दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेली गाडी कमलापूरच्या अलीकडेपलीकडे कुठेतरी थांबणार.

आता तपासायचं कसं. उस्तादाकडे जाऊन ‘दिवा मधूनच लागतो’ एवढंच सांगितलं तर तो तरी काय करणार? त्याच्यासमोर दिवा लागत नाही, तो गाडी बघतो, ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो. त्याचं खोटं नसतं. दिवा कधी लागतो हे तुम्हीच बघायचं आहे. मोबाइलमध्ये लिहून ठेवा: वेळ काय होती, एसी चालू होता का, लाइट चालू होते का, गाडी किती तापली होती, खड्डा होता का, पाऊस होता का. अर्धं निदान तिथेच होतं.

गाडी सिग्नलला उभी असताना दिवा लागतो आणि ॲक्सिलरेटर दिला की विझतो, तर बेल्ट ढिला पडलेला असतो किंवा डायनामोचे कार्बन झिजत आलेले असतात. सकाळी सुरू करताच बोनेटमधून ‘चीं’ असा आवाज येत असेल तर आधी बेल्टच बघा. पावसात किंवा गाडी धुऊन आणल्यावर दिवा लागला तर बेल्ट घसरतोय किंवा डायनामोच्या सॉकेटमध्ये पाणी शिरतंय. स्पीडब्रेकरवर, खड्ड्यात, गाडी हेलकावली की लागतो, तर कुठला तरी जोड ढिला आहे यात शंका नको; आणि आपल्या भागात स्पीडब्रेकरांची कमी नाही, त्यामुळे हा प्रकार सर्वांत जास्त. तासभर चालून इंजिन तापल्यावरच लागतो, थंड झालं की विझतो: रेग्युलेटरवर संशय घ्या, तापल्यावर तो दगा देतो. फक्त रात्री, लाइट-एसी-पंखा सगळं लावल्यावर लागतो: एखादा डायोड गेलेला असतो आणि डायनामो अर्ध्या ताकदीवर चालत असतो, किंवा जाड तारेतच कुठेतरी अडथळा आलेला असतो. दिवा धड पेटत नाही, धड विझत नाही, नुसता तांबूस दिसतो, तरीही डायोडच बघायचा.

एक गोष्ट यापेक्षा वेगळी आणि तातडीची. दिवा लागला आणि त्याबरोबर टेम्परेचरचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटलेला आहे. अनेक गाड्यांत डायनामो आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर असतात. तिथे ‘पुढच्या गावापर्यंत नेतो’ म्हणायचं नाही. दोन-चार किलोमीटरमध्ये हेड गॅसकेट उडतं, आणि मग खर्च हजारांत मोजावा लागतो.

उलट बाजूची तपासणीही सोपी आहे. चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, तेव्हा हा दिवा लागायलाच हवा. नाही लागला तर बल्ब गेला आहे, तार तुटली आहे किंवा कोणीतरी बल्ब काढून ठेवला आहे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे आधी बघावं. जुन्या पद्धतीच्या काही डायनामोंना तर पहिली चेतना याच दिव्याच्या तारेतून मिळते. तार तुटली की चार्जिंगही बंद.

मग मल्टिमीटर. पाचशे रुपयांच्या आत मिळतो, आणि ज्याच्या घरी गाडी आहे त्याच्या घरी तो असावा असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. क्षणभर तो घसरणारच, पण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम राहिलेला नाही. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा, इंजिन जरा वाढवून धरा. तरी आकडा १३.२ च्या वर राहायला हवा. इंजिन चालू असूनही १२.४, १२.३, १२.२ असा उतरत गेला तर डायनामो वीज देत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरी उकळायला लागते, नासक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास आला की गाडी बंद करा आणि जवळ काडी ओढू नका.

मधूनच होणारा बिघाड पकडायला आणखी एक स्वस्त युक्ती आहे. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो. तो लावूनच गाडी चालवा. दिवा लागेल त्या क्षणी आकडा बघा. आकडा १४ वर तसाच आणि तरी दिवा लागला, तर चार्जिंग ठीक आहे, दोष दिव्याच्या तारेत किंवा डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये आहे. दिव्याबरोबर आकडाही १२ वर कोसळला, तर बिघाड खरा आहे. या एका नोंदीने उस्तादाचे दोन तास आणि तुमचे दोन हजार वाचू शकतात.

आणि हे सगळं करण्याआधी बोनेट उघडून दोन जागा नीट बघा. पहिली, बॅटरीचे टर्मिनल. अधिकच्या टोकावरची लाल रबरी टोपी वर करा. आत पांढरी-हिरवट पावडर साचलेली दिसेल. क्लॅम्प हाताने फिरवून पाहा. तो हलला तर बिघाड सापडला असं समजायला हरकत नाही. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवा. आधी उणेचा क्लॅम्प काढायचा, मग अधिकचा. लावताना उलट, उणे शेवटी. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओता, फेस येईल, ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. क्लॅम्प सैल होतो म्हणून त्यात पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकलेला असतो, तो काढून टाका आणि नवा क्लॅम्प घ्या.

दुसरी जागा बहुतेक जण बघतच नाहीत: अर्थिंगची पट्टी. बॅटरीच्या उणे टोकाकडून एक जाड तार बॉडीला जाते आणि एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सला. ती विणलेल्या तांब्याची असते. बोल्टजवळ तिचे बारीक तंतू एकेक करून तुटतात, वरून आपल्याकडची लाल धूळ आणि तेल बसतं, खाली गंज धरतो. वरून पट्टी अखंड दिसते. इंजिन हललं की जोड सुटतो आणि परत लागतो, म्हणूनच दिवा लागतो आणि विझतो. कोणी ॲक्सिडेंटनंतर गाडी रंगवून घेतली असेल तर बोल्टखाली रंग राहिलेला असतो, तेवढ्यानेही करंट अडतो. तपासायला इंजिन चालू ठेवा, लाइट लावा, मीटरची एक पिन बॅटरीच्या उणे टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब. अधिकच्या बाजूला, डायनामोच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या अधिक टोकापर्यंत, असंच मोजा; तिथे ०.३ च्या पुढे गेलं तर ती तार किंवा तिचा जोड बघा. हे करताना ओढणी, पदर, लांब बाह्या फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. पंखा कधीही आपोआप सुरू होतो.

आता उस्तादांसाठी दोन शब्द, हात जोडून. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बंद पडली तर डायनामो खराब, नाही पडली तर चांगला’ ही परीक्षा आता बंद करा. जुन्या जीपवर ती चालून गेली. आजच्या गाडीत चालू डायनामोसमोरून बॅटरी अचानक काढली की क्षणभर व्होल्टेज कितीतरी पटींनी उसळतं, आणि त्यात ईसीएम, एअरबॅगचं युनिट, मीटर, काहीही जळू शकतं. दिवा बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला ईसीएमचं बिल द्यायची वेळ येऊ नये. मीटर लावा, आकडा गिऱ्हाइकाला दाखवा आणि बिलावर लिहा: बंद असताना इतके, चालू असताना इतके, सगळा भार टाकल्यावर इतके. गिऱ्हाइकांनीही ते तीन आकडे मागून घ्यावेत. आकडे लिहिलेले नसतील तर तपासणी झाली असं मी तरी मानत नाही.

काही तक्रारी या दिव्याच्या नसतात, पण त्याच्यात मिसळून येतात. गाडी चालताना काहीच दिवा लागत नाही, पण दोन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ ‘कट कट’ करतो. हे दुखणं वेगळं: बंद गाडीत काहीतरी वीज खात आहे. सगळं झोपी गेल्यावर कारने साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत खायला हवं. तेच ३०० झालं तर दिवसाला सातएक अँपिअर-तास जातात, आणि ३५ ची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी होते. खाणारे कोण? बाहेरून बसवलेला टेप, फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून ओढलेला ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, न विझणारा डिकीचा दिवा. तुरीची रास घरात आली की उंदीरही बोनेटमध्ये घर करतात आणि तारा कुरतडतात, तेही बघा. मोजायचं असेल तर मीटर उणेच्या तारेत मालिकेत लावून, दारं लॉक करून, निदान अर्धा तास थांबून मग आकडा बघा, आणि एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, तिथे चोर. मीटर मालिकेत असताना सेल्फ चुकूनही मारू नका.

नव्या गाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. अनेकांत डायनामो गरजेप्रमाणे कमी-जास्त वीज देतो, उणेच्या क्लॅम्पवर छोटा सेन्सर असतो. त्यांत चालत्या गाडीत कधी १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. दिवा लागत नसेल तर ते नेहमीचं चालणं आहे. पण अशा गाडीत कोणी बाहेरचा लाइट थेट बॅटरीच्या उणे टोकाला जोडला तर सेन्सरला ती वीज दिसतच नाही आणि त्याचा हिशोब चुकतो. जोड बॉडीला द्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला साधी स्वस्त बॅटरी बसवू नका, कंपनीने सांगितलेल्या जातीचीच घ्या. स्क्रीनवर किल्लीच्या बॅटरीबद्दल संदेश आला तर तो रिमोटमधल्या नाण्याएवढ्या सेलचा असतो. त्यासाठी गाडीची बॅटरी बदलून आलेले महाभाग आहेत! इलेक्ट्रिक कारलाही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तर गाडी जागीच राहते. तिथे नारिंगी तारांना हात लावू नका, सरळ कंपनीला बोलवा.

बॅटरी खरोखरच गेली असेल तर बदलाच, रडू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने शिशाच्या बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं; थंड प्रदेशात पाच वर्षं टिकणारी इथे तीन वर्षांत थकते. बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं मात्र मार्गशीर्षातल्या पहिल्या गार पहाटे. नवी घेताना डायनामोचं व्होल्टेज आधी मोजून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या. जुनी दुकानदाराला परत द्या. तिचे पैसे मिळतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत ठिकाणी जायला हवी. मागच्या अंगणात फोडून शिसं काढणाऱ्याला विकू नका. ते आम्ल आणि शिसं शेवटी कोणाच्या तरी बोअरच्या पाण्यात जातं.

माझी आणखी एक सूचना आहे, आणि ती लगेच अमलात आणता येईल. दत्तजयंतीपर्यंत दर रविवारी सकाळी तास-दोन तास, चौकाजवळच्या आणि बसस्टँडकडच्या गॅरेजवाल्यांनी फुकट व्होल्टेज मोजून द्यावं. एका गाडीला पाच मिनिटं लागतात. यात्रेकरू नेणाऱ्या क्रूझर, इको, बोलेरोवाल्यांनी आधी यावं, कारण त्यांच्या गाडीत दहा-दहा जीव असतात. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना मीटर धरायला बोलवा, त्यांचाही हात बसेल. राजेश्वर, मन्नाएखेळ्ळी, हळ्ळीखेड या बाजूंच्या पेट्रोलपंपवाल्यांना आणि ढाबेवाल्यांना विनंती, की रात्री बंद पडत चाललेली गाडी आवारात घेऊ द्या, ‘इथे लावू नका’ म्हणून हाकलू नका. आणि हे वाचणाऱ्यांनी शेजारच्या कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या ड्रायव्हरलाही त्याच्या भाषेत सांगावं. हायवेवर सगळ्यांची गाडी सारखीच बंद पडते.

इतकं करूनही रस्त्यात दिवा लागला तर? एसी, ब्लोअर, टेप, मोबाइलचं चार्जिंग लगेच बंद करा. रात्र असेल तर हेडलाइट बंद करायचे नाहीत. डावीकडे या, वेग कमी करा, आणि पहिल्या उजेडाच्या जागी, पंप, ढाबा, टोलनाका, जे येईल तिथे थांबा. इंजिन बंद करू नका, परत सुरू होईल याचा भरवसा नाही. फक्त टेम्परेचरचा काटा चढत असेल तर मात्र लगेच बंद करा. रस्त्यातच बंद पडली तर गाडी शक्य तितकी कडेला ढकला, नव्या गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण मागे निदान ५० मीटरवर ठेवा. त्रिकोण नसेल तर झाडाच्या फांद्या ठेवा, पण दगड ठेवून जाऊ नका. ते दगड नंतर दुचाकीवाल्याचा जीव घेतात. माणसांना गाडीत बसू देऊ नका. सगळ्यांनी रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं राहायचं, गाडीच्या मागे तर कोणीच नाही.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करायची वेळ आली तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो; त्या वेळी विडी-सिगारेट नको. आणि सुरू झाली म्हणून रात्रीचा प्रवास पुढे रेटू नका, डायनामो अजून तसाच आहे. जवळच्या उजेडात न्या आणि सकाळ होऊ द्या.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, जिवावर बेतलं असेल तर ११२. दोन्ही नंबर आत्ता मोबाइलमध्ये टाका, आणि दिवा लागत-विझत असेल तर उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला गॅरेजच्या दारात उभे राहा.